स्विफ्टमधले एनम आणि स्विच: डिफॉल्ट टाकायची घाई करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी आणि जावामध्ये काही वर्षं काम करून स्विफ्टकडे, म्हणजे ॲपलच्या प्रोग्रॅमिंग भाषेकडे, वळलेल्या एका डेव्हलपरने पैसे भरण्याची स्क्रीन लिहिली आहे. लोड होतंय का, पैसे गेले का, चूक झाली का, अशी तीन बूलियन (खरं किंवा खोटं एवढंच सांगणारी व्हेरिएबल्स) आणि व्यवहार क्रमांक व चुकीचं कारण अशी दोन ऑप्शनल (ज्यांत किंमत असेल किंवा नसेल), एवढ्यावर सगळा कारभार चालतो. कोणीतरी ‘एनम वापर’, म्हणजे ठरावीक पर्यायांचा (केसचा) एक टाइप कर, असं सांगितलं. त्याने एनम केलाही, पण स्विच, म्हणजे कोणत्या केसला काय करायचं ते सांगणारी रचना, लिहिताना कंपायलर ‘स्विच मस्ट बी एग्झॉस्टिव्ह’ (सगळ्या केस आल्याच पाहिजेत) म्हणून अडून बसतो. मग शेवटी डिफॉल्ट (‘उरलेल्या सगळ्या केस’), त्यात ब्रेक, की तक्रार बंद. हे ठीक आहे का, आणि मुळात एनम करून असं काय साधतं, असं त्याला विचारायचंय.

ठीक नाही. एनमचा निम्म्याहून जास्त फायदा त्या तक्रारीतच आहे. ती डिफॉल्टने बंद करणं म्हणजे राखणीचं कुत्रं भुंकतं म्हणून त्याला मुसकं बांधण्यासारखं आहे.

आधी बूलियनचा हिशेब करू. तीन बूलियन आणि दोन ऑप्शनल, प्रत्येकाच्या दोन शक्यता धरल्या तर एकूण ३२ जोड्या होतात. तुमच्या स्क्रीनला खऱ्या अर्थाने अवस्था किती आहेत? भरणा अजून सुरू व्हायचाय, बँकेच्या उत्तराची वाट बघतोय, पैसे गेले, फसला. चार. उरलेल्या २८ जोड्या अर्थहीन आहेत, पण टाइपच्या दृष्टीने कायदेशीर. पैसे गेले हेही खरं आणि चूक झाली हेही खरं, अशी जोडी कधी ना कधी तयार होतेच, कारण यशस्वी उत्तर आल्यावर चुकीचं जुनं बूलियन खाली करायचं कुठेतरी राहून जातं. मग वापरणाऱ्याला हिरवी टिक आणि लाल पट्टी एकाच वेळी दिसते. असा बग शोधायला वेळ लागतो, कारण एकेक ओळ सुटी वाचली तर बरोबरच असते.

एनममध्ये त्या २८ जोड्या लिहिताच येत नाहीत. खाली मी कीवर्डही देवनागरीत लिहिले आहेत, ते फक्त वाचण्यासाठी. टाइप करताना स्विफ्टचे मूळ कीवर्डच लागतील. (केसची नावं मात्र स्विफ्टला देवनागरीत दिलेली चालतात. टीमच्या कोडमध्ये तसं करा असं मी म्हणणार नाही.)

एनम भरणा {
    केस सुरू_व्हायचाय
    केस प्रतीक्षेत(क्रमांक: स्ट्रिंग)
    केस यशस्वी(क्रमांक: स्ट्रिंग, वेळ: डेट)
    केस फसला(कारण: स्ट्रिंग)
}

व्यवहार क्रमांक आता ऑप्शनल राहिलेला नाही. तो ज्या अवस्थेत असतो तिच्याच पोटात आहे, आणि जिथे नसतो तिथे तो मागताच येत नाही. ‘फसला’ या केसमधून वेळ काढायचा प्रयत्न केलात तर ॲप चालवायच्या आधीच कंपायलर हात धरतो. केसबरोबर येणाऱ्या या माहितीला असोसिएटेड व्हॅल्यू म्हणतात, आणि सी किंवा जावाकडून आलेल्या माणसाला सगळ्यात नवी गोष्ट हीच असते. सीमध्ये एनम म्हणजे शेवटी एक पूर्णांक. त्यात ४७ भरलं तरी भाषा हूं की चूं करत नाही. जावाचा एनम त्यापेक्षा बराच पक्का आहे, त्याला मेथडही असतात, पण तिथे प्रत्येक स्थिरांकाची एकच प्रत. ‘फसला’ हा एकच ऑब्जेक्ट, त्यामुळे या व्यवहाराचं कारण वेगळं आणि त्या व्यवहाराचं वेगळं हे त्याच्यात मावत नाही. जावात याच्या जवळ जाणारी सोय २०२१ च्या जावा १७ मधल्या सील्ड क्लासने आणि नंतर जावा २१ मधल्या पॅटर्नवाल्या स्विचने आली. स्विफ्टमध्ये ती २०१४ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तिचं मूळ एमएल आणि हॅस्केलच्या घराण्यात.

तुम्ही रोज वापरता तो ऑप्शनल म्हणजे असाच एक एनम आहे: ‘नन’ आणि ‘सम’ अशा दोनच केस, आणि ‘सम’च्या पोटात किंमत. प्रश्नचिन्हाची खूण ही वरची साखर. यावरून एक खड्डा सांगून ठेवतो. स्वतःच्या एनमला ‘नन’ नावाची केस देऊ नका. त्या एनमचा ऑप्शनल झाला की ‘डॉट नन’ लिहिल्यावर कंपायलर ऑप्शनलचा ‘नन’ धरतो. इशारा देतो खरा, पण इशाऱ्यांच्या ढिगात तो दिसेलच असं नाही. ‘काहीच_नाही’, ‘न_निवडलेला’, काहीही द्या, पण ते नको.

आता तुमच्या स्विचकडे.

स्विच सद्यस्थिती {
केस .सुरू_व्हायचाय:
    बटण_दाखवा()
केस .प्रतीक्षेत:
    चक्र_फिरवा()
केस .यशस्वी(लेट क्रमांक, _):
    पावती_दाखवा(क्रमांक)
डिफॉल्ट:
    चूक_दाखवा()
}

आज हे बरोबर चालतं, कारण उरलेली केस एकच आहे. पुढच्या रिलीजला परताव्याची सोय येते आणि एनममध्ये पाचवी केस पडते: ‘परत_आला’, रकमेसकट. कोड विनातक्रार कंपाइल होतो, आणि ज्यांना पैसे परत मिळाले त्यांना ‘व्यवहार फसला’ असं दिसायला लागतं. माणूस घाबरून पुन्हा पैसे भरतो. डिफॉल्टच्या जागी ‘फसला’ ही केस नावानिशी लिहिली असती, तर पाचवी केस टाकल्याक्षणी त्या एनमवरचा प्रत्येक स्विच लाल झाला असता: पावतीचा, इतिहासाच्या यादीचा, नोटिफिकेशनचा, ॲनालिटिक्सचा. कुठे कुठे बदल करायचा याची यादी कंपायलर फुकट देतो. टेस्ट लिहून एवढी खात्री मिळवायला बराच घाम गाळावा लागतो.

म्हणून माझा नियम: एनम तुमचा असेल तर स्विचमध्ये डिफॉल्ट नाही. तीन केसमध्ये काहीच करायचं नसेल तरी त्या स्वल्पविरामाने एका ओळीत लिहा आणि खाली ब्रेक द्या. ‘या तिघींचा मी विचार केला आणि काही करायचं नाही असं ठरवलं’ हे पुढच्या माणसाला त्या ओळीतून कळतं. डिफॉल्टमधून फक्त कंटाळा कळतो.

हाच डिफॉल्ट वेष बदलूनही येतो, आणि तो रिव्ह्यूत सहज निसटतो. ‘इफ केस यशस्वी’ लिहिलं आणि पुढे एल्स टाकला, की तो एल्स म्हणजे डिफॉल्टच. असोसिएटेड व्हॅल्यू नसलेल्या एनमची ‘बरोबर बरोबर’ने तुलना करून खाली एल्स लिहिला तरी तेच. एकाच केसशी मतलब आहे आणि बाकी वेळी खरोखर काही करायचं नाही, तिथे ‘इफ केस’ किंवा ‘गार्ड केस’ छान वाचतं. एल्समध्ये काही काम करायची वेळ आली की स्विचकडे वळा.

डिफॉल्ट कधी लिहावाच लागतो? पूर्णांकावर किंवा स्ट्रिंगवर स्विच असेल तेव्हा. कंपायलर आकड्यांच्या मर्यादा मोजत बसत नाही. आठ बिटांच्या, ऋण नसलेल्या पूर्णांकावर ० ते २५५ अशी पूर्ण रेंज लिहिलीत तरी तो डिफॉल्ट मागेलच. तसंच ‘व्हेअर’ची अट लावलेली केस तो पूर्ण धरत नाही, कारण अट खरी ठरेल की खोटी हे त्याला माहीत नसतं. एक केस ‘व्हेअर’ लावून आणि तीच पुन्हा अटीशिवाय, अशी जोडी द्यायची, म्हणजे डिफॉल्टची गरज उरत नाही. क्रम मात्र सांभाळा. वरून खाली पहिली जुळणारी केस चालते, तेव्हा अटीची आधी, मोकळी नंतर.

तिसरी जागा जास्त महत्त्वाची: जो एनम तुमचा नाही तो. ॲपलच्या एसडीकेमधले (ॲप बनवायला ॲपल देते त्या तयार कोडमधले) बरेच एनम पुढे वाढू शकतात. नोटिफिकेशनच्या परवानगीचंच बघा. आयओएस १० मध्ये तिथे तीन केस होत्या: अजून विचारलेलं नाही, नाकारली, दिली. आयओएस १२ मध्ये ‘प्रोव्हिजनल’ आली, आयओएस १४ मध्ये ॲप क्लिपसाठी (पूर्ण ॲप न बसवता चालणाऱ्या छोट्या भागासाठी) ‘इफेमरल’. जुन्या एसडीकेवर कंपाइल झालेलं तुमचं ॲप नव्या फोनवर चालतं तेव्हा त्याच्या समोर अशी केस येऊ शकते, जी कंपाइल करताना अस्तित्वातच नव्हती. यासाठी स्विफ्ट ५ मध्ये ‘ॲट अननोन डिफॉल्ट’ आला. चालताना तो साध्या डिफॉल्टसारखाच वागतो, पण नवा एसडीके घेऊन कंपाइल केलं की सुटलेल्या केसबद्दल इशारा देतो. साधा डिफॉल्ट गप्प बसतो. परक्या एनमवर हाच वापरा, आणि त्याच्या अंगात सगळ्यात सावध वागणूक ठेवा: परवानगी नाही असं समजा, बटण बंद ठेवा.

सर्व्हरकडून येणारा डेटाही परकाच असतो, आणि तिथे रॉ व्हॅल्यूचा, म्हणजे प्रत्येक केसला जोडलेल्या ठरावीक किंमतीचा, संबंध येतो. एनमला स्ट्रिंगची रॉ व्हॅल्यू दिली की केसचं नावच तिची किंमत होतं, वेगळी हवी असेल तर शेजारी लिहायची. पूर्णांक दिला तर मोजणी ० पासून. रॉ व्हॅल्यूवरून एनम बनवणारा इनिशियलायझर ऑप्शनल देतो, म्हणजे अनोळखी स्ट्रिंग आली की निल, काहीच नाही. इथवर सरळ आहे. पण तोच एनम कोडेबल (डेटातून आपोआप वाचता येणारा) करून जेसनमधून, म्हणजे सर्व्हरने पाठवलेल्या मजकुरी डेटातून, वाचलात, तर अनोळखी किंमत आल्यावर निल मिळत नाही, डिकोडिंगच चूक फेकतं. पन्नास व्यवहारांच्या यादीत एका व्यवहाराची अवस्था नवी असली तरी सगळी यादी जाते. सर्व्हरवाले एक नवी अवस्था सुरू करतात आणि बाजारात असलेल्या जुन्या आवृत्त्यांमध्ये इतिहासाची स्क्रीन कोरी होते. तुम्ही तिकडे नवी आवृत्ती चढवलीत तरी जुनी वापरणारे वापरतच राहतात.

यावर उपाय म्हणजे सीमेवर वेगळी व्यवस्था. एनममध्ये ‘अनोळखी’ नावाची केस ठेवा आणि तिच्या पोटात सर्व्हरने पाठवलेली मूळ स्ट्रिंग. डिकोड करणारा इनिशियलायझर हाताने लिहा: ओळखीची स्ट्रिंग असेल तर तिची केस, नाहीतर ‘अनोळखी’. डिफॉल्ट लिहायची योग्य जागा ही. स्ट्रिंगवरच्या या एकाच स्विचमध्ये तो असतो आणि तिथून आत बाकी कोडला सगळ्या केस नावानिशी हाताळाव्या लागतात, ‘अनोळखी’सुद्धा. कंपायलर आपोआप पुरवतो ती रॉ व्हॅल्यू आणि असोसिएटेड व्हॅल्यू एका एनममध्ये एकत्र नांदत नाहीत, म्हणून रॉ व्हॅल्यू इथे सोडावी लागते. थोडं जास्त टाइपिंग आहे. करा.

वरच्या एनममध्ये मी एक गोष्ट मुद्दाम ढिली ठेवली होती: ‘फसला’चं कारण स्ट्रिंग आहे. स्ट्रिंगवर पुढे निर्णय घ्यायची वेळ येणार. शिल्लक कमी असेल तर दुसरं खातं सुचवायचं, पिन चुकला असेल तर पुन्हा विचारायचा, बँकेचा सर्व्हर बंद असेल तर थोड्या वेळाने या म्हणायचं. मग कोणीतरी त्या स्ट्रिंगमध्ये ‘पिन’ हा शब्द आहे का ते शोधतं, आणि बँकेने संदेशाचा मजकूर बदलला की ते मोडतं. कारणाचाही एनम करा. एनमच्या पोटात एनम बसतो, आणि स्विचमध्ये दोन्ही पातळ्या एकाच केसमध्ये लिहिता येतात: ‘फसला, आणि कारण पिन चुकला’ ही एक केस, ‘फसला, आणि कारण शिल्लक कमी’ ही दुसरी. आतली कारणं सगळी आली का हेही कंपायलर तपासतो. दाखवायचा मजकूर मात्र या एनमपासून लांब, स्क्रीनच्या बाजूला ठेवा. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत ॲप न्यायचं ठरलं की त्याची किंमत कळेल.

अवस्था आणि घटना यांची जोडी करून, म्हणजे टपलवर, स्विच लिहायची पद्धत स्टेट मशीनसाठी फार उपयोगी आहे. ‘प्रतीक्षेत असताना यशाचं उत्तर आलं’ ही एक ओळ, ‘प्रतीक्षेत असताना वेळ संपली’ ही दुसरी. कागदावर काढलेला तक्ता जसाच्या तसा कोडमध्ये उतरतो. अडचण अशी, की चार अवस्था आणि पाच घटना म्हटलं तर २० जोड्या होतात आणि हात आपोआप डिफॉल्टकडे जातो. त्याऐवजी अंडरस्कोर टपलच्या एकाच बाजूला वापरा. ‘यशस्वी, आणि घटना कोणतीही: काही करू नका’ असं अवस्थेगणिक लिहिलंत तर नवी अवस्था आल्यावर कंपायलर बोलेल. दोन्ही बाजूंना अंडरस्कोर म्हणजे पुन्हा डिफॉल्टच.

ब्रेकबद्दल सीवाल्यांना दोन शब्द. स्विफ्टमध्ये केस संपली की स्विच संपला, खालच्या केसमध्ये घरंगळणं नाही. ते हवंच असेल तर ‘फॉलथ्रू’ असं स्पष्ट लिहावं लागतं, आणि माझ्या बघण्यात ते क्वचितच योग्य ठरतं. केस रिकामीही ठेवता येत नाही, निदान ब्रेक तरी लागतो. पण एक जुनी खोड शिल्लक आहे. केसच्या आत इफ असेल आणि त्या इफमध्ये ब्रेक लिहिलात, तर तो इफमधून नाही, स्विचमधून बाहेर काढतो. स्विच लूपमध्ये असेल तर लूपमधून मात्र बाहेर पडत नाही. त्यासाठी लूपला लेबल देऊन ब्रेकपुढे ते लेबल लिहायचं. हा गोंधळ किती महागात पडू शकतो याचं गाजलेलं उदाहरण १५ जानेवारी १९९० चं आहे. अमेरिकेत एटीअँडटीचं लांब पल्ल्याचं फोनचं जाळं सुमारे ९ तास कोलमडलं होतं, आणि मुळाशी सीमधल्या स्विचच्या आत, इफमध्ये, चुकीच्या जागी पडलेला एक ब्रेक होता. स्विफ्टने घरंगळणं बंद केलं, हा ब्रेक नाही. लेबल लावायचा कंटाळा करू नका.

स्विफ्ट ५.९ पासून, म्हणजे २०२३ पासून, स्विच स्वतःच किंमत देऊ शकतो. ‘लेट शीर्षक बरोबर स्विच’ असं लिहून प्रत्येक केसमध्ये एकच एक्स्प्रेशन द्यायचं, रिटर्न वगैरे काही नाही. दोन ओळींचं काम केसमध्ये बसवायचं असेल तर ते वेगळ्या फंक्शनमध्ये काढावं लागतं, आणि ते बरंच आहे.

एकच स्विच चार फायलींत दिसायला लागला की तो एनमवर कॉम्प्युटेड प्रॉपर्टी (साठवलेली नाही, मागितल्यावर काढली जाणारी किंमत) म्हणून हलवा. एनमला साठवलेली प्रॉपर्टी नसते, पण कॉम्प्युटेड प्रॉपर्टी आणि मेथड हव्या तेवढ्या. ‘पुन्हा प्रयत्न करता येईल का’ हा प्रश्न भरण्याच्या एनमलाच विचारता आला पाहिजे. रंग आणि चित्रं मात्र तिथे कोंबू नका. त्यांचं एक्स्टेन्शन स्क्रीनच्या मॉड्यूलमध्ये जाऊ दे.

आणि सगळीकडे एनमही नको. ज्या यादीत बाहेरच्या मॉड्यूलने भर घालायची असते, तिथे एनम अडचणच करतो, कारण दुसऱ्याच्या एनममध्ये केस टाकता येत नाही. ॲपलने नोटिफिकेशनची नावं याचसाठी स्ट्रक्ट म्हणून ठेवली आहेत. एका वेळी अनेक पर्याय निवडायचे असतील तर ऑप्शनसेट आहे. अवस्था मोजक्या आणि त्यांच्यावरची कामं वाढत जाणारी, तिथे एनम. प्रकार वाढत जाणारे आणि कामं ठरलेली, तिथे प्रोटोकॉल, म्हणजे प्रत्येक प्रकाराला कोणती कामं यायला हवीत याचा करार.

तुमच्या स्क्रीनचं बोलायचं, तर सगळं एकदम पाडू नका. आधी एनम करा आणि जुनी पाच व्हेरिएबल्स त्याच्यावरून काढलेल्या कॉम्प्युटेड प्रॉपर्टी करा, म्हणजे वाचणारा कोड तसाच चालत राहील. जिथे ती व्हेरिएबल्स लिहिली जात होती त्या जागा लाल होतील. तिथे अवस्था बदलणारी एकच ओळ घाला. मग वाचणाऱ्या जागा एकेक करून स्विचवर आणा आणि रिकाम्या झालेल्या प्रॉपर्टी काढून टाका. सगळ्यात शेवटी प्रोजेक्टमध्ये डिफॉल्ट शोधा आणि तुमच्या एनमवरचा प्रत्येक उडवा. एक्सकोड (ज्यात तुम्ही कोड लिहिता ते ॲपलचं साधन) तक्रार करेल, तिच्यावरचं ‘फिक्स’ दाबलंत की सुटलेल्या केस तो स्वतः लिहून देतो आणि प्रत्येकीत भरायची जागा रिकामी सोडतो. ती जागा भरेपर्यंत बिल्ड होत नाही.